यंत्राने वाचलेल्या पुस्तकांचा हिशेब

नोव्हेंबर २०२४मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय या अमेरिकी कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. आमच्या बातम्या न विचारता घेतल्या आणि त्यांवर चॅटजीपीटीला शिकवलं, उत्तरं देताना तोच मजकूर वापरला, वर आम्ही कधीच न दिलेल्या बातम्याही आमच्या नावावर खपवल्या, अशा संस्थेच्या तक्रारी होत्या. कंपनीने उत्तर दिलं की बातमीतल्या तथ्यांवर कोणाची मालकी नसते. शिवाय आमचे सर्व्हर भारतात नाहीत, तेव्हा इथल्या न्यायालयाने यात पडायचं कारण नाही.

न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी पहिल्याच सुनावणीत चार मुद्दे आखून दिले. प्रशिक्षणासाठी मजकूर साठवणं हा कॉपीराइटचा भंग आहे का? तो मजकूर वापरून ग्राहकांना उत्तरं देणं हा भंग आहे का? कायद्याच्या कलम ५२मधल्या सवलतींत हा वापर बसतो का? आणि हा दावा भारतात चालू शकतो का? जगभरच्या न्यायालयांत या विषयावर जी शेकडो पानं लिहिली जात आहेत, ती थोड्याफार फरकाने याच प्रश्नांभोवती फिरतात. हे खटले एकापाठोपाठ एक वाचत गेलं की एक गोष्ट लख्ख दिसते. तत्त्वाचे वाद कितीही मोठे असले तरी निकालाचं पारडं बहुतेक वेळा एकाच गोष्टीने झुकतं : कोणाचं, कुठून आणि कसं घेतलं, याची नोंद कोण दाखवू शकतं.

कायदा काय राखतो

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो; ती ज्या शब्दांत, रेषांत, सुरांत उतरली त्या अभिव्यक्तीवर असतो, हा त्याचा पाया. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात तो पक्का केला. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकात प्रांतवादाचा विषय होता आणि १९५६च्या ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटातही तोच होता. विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून ही नक्कल नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं.

आता कोणी चॅटबॉटला सांगितलं की पु. ल. देशपांडे यांच्या शैलीत कोकणातल्या एसटी प्रवासाचं वर्णन लिही, तर काय होईल? शैली ही कोणाची मालमत्ता नाही. माणसानेही दुसऱ्याच्या शैलीत लिहायला कायद्याची मनाई नाही. यंत्राने पु. लं.चे परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे काढून दिले, तर मात्र तो भंग ठरेल. पण खरी मेख त्याच्या आधी आहे. ती शैली यंत्राला उमगावी म्हणून पुस्तकं आधी त्याच्या पोटात जावी लागतात, आणि पुस्तक आत जाताना त्याची प्रत निघते. कलम १४ने लेखकाला दिलेल्या हक्कांत कृती कोणत्याही इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचा हक्कही स्पष्टपणे येतो. म्हणजे बाहेर आलेली शैली निर्दोष असली, तरी आत गेलेल्या प्रतीचा प्रश्न उरतोच.

हक्काला मुदतही आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११पासून सर्वांना खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेर संपेल. कुसुमाग्रजांच्या बाबतीत ही मुदत २०५९ अखेरपर्यंत जाते. ज्ञानेश्वरी किंवा तुकोबांचे अभंग यांच्यावर यंत्राला शिकवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांच्या एखाद्या आधुनिक आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना, टीपा किंवा गद्य अनुवाद यांवर मात्र ते लिहिणाऱ्याचा हक्क असू शकतो. इंटरनेटवरून सरसकट मजकूर उपसणाऱ्या संगणकाला हा फरक कळत नाही. तो कोणीतरी नोंदवून ठेवावा लागतो.

शिकताना काय घडतं

मोठं भाषिक मॉडेल घडवताना कंपनी आधी अफाट मजकूर गोळा करते : संकेतस्थळांची पानं, वर्तमानपत्रं, पुस्तकांच्या फायली. त्यातला दुबार आणि निकामी भाग काढून उरलेला साठवते. मग मजकुराचे छोटे तुकडे पाडले जातात आणि यंत्राकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतली जाते : मागचे तुकडे पाहून पुढचा ओळखणं. अंदाज चुकला की आतले अब्जावधी आकडे किंचित हलवले जातात. असं असंख्य वेळा झाल्यावर जे उरतं ते आकड्यांचं जाळं, म्हणजे मॉडेल. त्यात पुस्तकाची पानं पानांच्या रूपात सापडत नाहीत. तरी जो मजकूर शिकताना पुन्हा पुन्हा समोर येतो, तो यंत्राला जवळजवळ मुखोद्गत होतो आणि विचारलं तर शब्दशः बाहेर पडतो.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर इथे प्रत निघण्याच्या तीन जागा आहेत. पहिली गोळा करताना, आणि ती बहुतेक निर्विवाद आहे. दुसरी मॉडेलच्या आत. तिच्यावर जोरदार वाद आहे. तिसरी उत्तर बाहेर येताना, जी प्रत्येक उत्तर मूळ मजकुराशी ताडूनच ठरवावी लागते.

दुसऱ्या जागेवर युरोपात एका आठवड्याच्या अंतराने दोन निकाल आले. ४ नोव्हेंबर २०२५ला लंडनच्या उच्च न्यायालयाने गेटी इमेजेस विरुद्ध स्टॅबिलिटी एआय या खटल्यात सांगितलं की स्टॅबिलिटी कंपनीच्या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलमध्ये मूळ छायाचित्रं साठवलेली नाहीत, म्हणून मॉडेल ही बेकायदा प्रत ठरत नाही. ११ नोव्हेंबरला म्युनिकच्या प्रादेशिक न्यायालयाने गेमा या जर्मन संगीतहक्क संस्थेच्या बाजूने कौल दिला. साध्या सूचनेवर चॅटजीपीटी नऊ प्रसिद्ध जर्मन गाण्यांचे शब्द जवळपास तसेच्या तसे देत होतं. ज्याअर्थी ते बाहेर येतात त्याअर्थी ते आत आहेत, आणि आत असणं म्हणजेच प्रत, असा म्युनिकचा तर्क.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. लंडनच्या खटल्यात गेटीला प्रशिक्षणाविरुद्धचा आपला मुख्य दावाच मधे सोडून द्यावा लागला, कारण ते प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झालं हे तिला दाखवता आलं नाही. म्युनिकमध्ये फिर्यादींच्या हाती गाण्यांचे छापील शब्द होते आणि यंत्राने दिलेले शब्दही होते. एकाकडे पुरावा नव्हता, दुसऱ्याकडे तो ओळीला ओळ लावून दाखवण्यासारखा होता.

अमेरिकेतले दोन न्यायाधीश

अमेरिकी कायद्यात ‘न्याय्य वापर’ ही लवचीक सवलत आहे. वापराचा हेतू काय, मूळ कृतीचं स्वरूप काय, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, हे चार निकष तोलून न्यायाधीश निर्णय देतात. जून २०२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या एकाच संघीय जिल्हा न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांनी हे निकष जनरेटिव्ह एआयला लावले.

२३ जूनला न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी अँथ्रॉपिक कंपनीविरुद्ध लेखकांनी केलेल्या दाव्यात निर्णय दिला. पुस्तकांवर मॉडेलला शिकवणं हा मूळ वापरापेक्षा इतका वेगळा वापर आहे की तो न्याय्य ठरतो, असं त्यांनी म्हटलं. विकत घेतलेली छापील पुस्तकं स्कॅन करणंही त्यांनी मान्य केलं. पण कंपनीने चोरट्या संग्रहांतून ७० लाखांहून अधिक पुस्तकांच्या फायली उतरवून आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवल्या होत्या, त्याला त्यांनी माफी दिली नाही. पुढे कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड केली. तिचा हिशेब पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर असा पडतो. शिकवणं चालतं, चोरीची प्रत चालत नाही, ही रेघ तिथे ओढली गेली.

दोनच दिवसांनी न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी मेटा कंपनीविरुद्धच्या दाव्यात कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण बजावलं की हा निकाल या लेखकांनी चुकीचे मुद्दे मांडले आणि पुरेसा पुरावा दिला नाही म्हणून लागला आहे. त्यांच्या मते खरा धोका बाजाराचा आहे. माणसांची पुस्तकं वाचून घडलेलं यंत्र क्षणात हजारो पुस्तकं पाडू लागलं, तर माणसाने लिहिलेल्या पुस्तकाला गिऱ्हाईक उरणार नाही. पुढचे वादी हा परिणाम आकड्यांनिशी दाखवू शकले, तर निकाल उलटा लागू शकतो, असं त्यांनी सुचवून ठेवलं. इथेही पारडं पुराव्यानेच झुकलं.

अँथ्रॉपिकच्या तडजोडीतली एक अट मराठी लेखकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठरावीक मुदतीत नोंदलेली पुस्तकंच तिच्यात धरली गेली. भारतात कॉपीराइट लिहिता क्षणीच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे इथले बहुतेक लेखक नोंदणीच्या वाटेला जात नाहीत. चोरट्या संग्रहात एखादं मराठी पुस्तक असलं तरी अमेरिकी नोंद नसल्यामुळे त्याच्या लेखकाचा त्या रकमेवर हक्क पोचला नसता. त्याचा हक्क खरा होता, तो दाखवणारा कागद मात्र नव्हता.

इतर काही देशांनी न्यायालयांची वाट न पाहता कायदेच बदलले. जपानने २०१८च्या दुरुस्तीने, कृतीचा आस्वाद हा हेतू नसेल तर माहिती-विश्लेषणासाठी ती वापरायला मोठी मोकळीक दिली. युरोपीय संघाने २०१९मध्ये अशा विश्लेषणाला परवानगी देतानाच हक्कधारकाला ‘माझं घेऊ नका’ असं यंत्राला वाचता येईल अशा रूपात जाहीर करण्याचा हक्क दिला. भारताचं कलम ५२ या दोन्हींपेक्षा आखूड आहे. संशोधनासह खासगी वा वैयक्तिक वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा नेमून दिलेल्या हेतूंपुरतीच त्यात न्याय्य वापराची सवलत मिळते. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपनीचं प्रशिक्षण यात कुठे बसवायचं, हाच दिल्लीतला तिसरा प्रश्न आहे.

यंत्राने काढलेलं चित्र कोणाचं

आत गेलेल्याचा हिशेब झाला, आता बाहेर आलेल्याचा. स्टीफन थेलर या अमेरिकी संशोधकाने आपल्या यंत्राने स्वतःहून काढलेल्या चित्राचा कर्ता म्हणून यंत्राचंच नाव लावून नोंदणी मागितली. कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. २०२३मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि मार्च २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नकार कायम केला : कर्ता माणूसच असला पाहिजे. क्रिस काश्तानोवा यांच्या चित्रकथेच्या बाबतीत कार्यालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये शब्दांना आणि चित्रांच्या मांडणीला संरक्षण दिलं, पण मिडजर्नी या एआय साधनाने काढलेल्या चित्रांना दिलं नाही. जेसन ॲलन यांच्या चित्राला २०२२मध्ये कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत बक्षीस मिळालं होतं. किमान ६२४ वेळा सूचना बदलून ते घडवल्याचं त्यांनी सांगितलं, तरी यंत्राने घडवलेल्या भागावर त्यांना हक्क मिळाला नाही. जानेवारी २०२५च्या अहवालात कार्यालयाने याचं कारण मांडलं : आजच्या साधनांत नुसत्या सूचनांनी माणसाचा चित्रावर पुरेसा ताबा राहत नाही.

कॅमेराही यंत्रच होता. १८८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ऑस्कर वाइल्ड यांच्या छायाचित्राचा वाद आला, तेव्हा छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी यांचा हक्क मान्य झाला, कारण बसण्याची ढब, पोशाख, उजेड-सावली यांची निवड त्यांची होती. निवड दाखवता आली तर यंत्र आड येत नाही. चीनमध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये याच मार्गाने जाऊन स्टेबल डिफ्यूजन या एआय साधनाने काढलेल्या चित्रावर सूचना देणाऱ्या माणसाचा हक्क मानला.

भारताच्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने एक वाक्य आधीच घातलेलं आहे. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. हे लिहिलं गेलं तेव्हा आजची मॉडेलं कोणाच्या कल्पनेतही नव्हती. आता ‘करवणारी व्यक्ती’ म्हणजे सूचना देणारा, मॉडेल घडवणारी कंपनी की दोघं, हे ठरायचं आहे. २०२०मध्ये ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्राला ‘राघव’ या एआय साधनाचं नाव सहकर्ता म्हणून लावून भारतात नोंदणी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली.

मुखपृष्ठासाठी, दिवाळी अंकासाठी, जाहिरातीसाठी एआयची चित्रं वापरणाऱ्यांनी यातून एक व्यवहार शिकावा. ज्या चित्रात आपला हात दाखवता येत नाही, ते दुसऱ्याने उचललं तर अडवणं कठीण आहे. हाताने काढलेली रेखाटनं, मधले टप्पे, केलेले बदल जपून ठेवा. मराठी कथेचा यंत्राकडून अनुवाद करून छापणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावं. अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा आहे, आणि यंत्राने केला म्हणून परवानगीची गरज टळत नाही.

आवाज

मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची आणखी एक बाजू पुढे आणली. जुलै २०२४मध्ये न्यायमूर्ती आर. आय. छागला यांनी अरिजित सिंग यांना, आणि सप्टेंबर २०२५मध्ये न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. गाण्याच्या शब्दांवर, चालीवर, ध्वनिमुद्रणावर कॉपीराइट असतो. आवाजाच्या पोतावर नसतो. म्हणून न्यायालयाने व्यक्तिमत्त्व हक्काचा आधार घेतला. हा हक्क संसदेच्या कायद्यात शब्दबद्ध नाही, न्यायालयांनी निकालागणिक घडवला आहे. प्रसिद्ध गायकाला त्याचा आधार मिळतो, कारण त्याचा आवाज लाखो लोक ओळखतात. गावोगाव फिरणाऱ्या लोककलावंताचा किंवा डबिंग कलाकाराचा आवाज चोरीला गेला, तर तो त्याचाच आहे हे सिद्ध करणं कितीतरी अवघड आहे. संसदेने हा हक्क लिहून काढावा असं मला मनापासून वाटतं, कारण दुबळ्याला निकालांपेक्षा लिखित कलमाचा आधार जास्त असतो.

भारताचा प्रस्ताव

केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने एप्रिल २०२५मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२५मध्ये चर्चेसाठी तिचा मसुदा खुला केला. कायदेशीर मार्गाने मिळवलेली कोणतीही कृती कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी वापरावी, प्रत्येकाची परवानगी मागू नये, हक्कधारकाला नकार देता येणार नाही, पण त्याला रॉयल्टी मिळेल, अशी ही सक्तीच्या परवान्याची योजना आहे. दर सरकारी समिती ठरवेल, वसुली एक मध्यवर्ती संस्था करेल. रेडिओसारख्या प्रसारणासाठी दर ठरवून दिलेला वैधानिक परवाना २०१२पासून आपल्या कायद्यात आहेच. सॉफ्टवेअर उद्योगाची संघटना नॅसकॉम हिने मात्र भिन्नमत नोंदवलं. प्रशिक्षणाला सूट द्यावी, ही तिची भूमिका.

सरसकट सूट देण्यापेक्षा मोबदल्याची योजना कितीतरी न्याय्य आहे, यात मला शंका नाही. पण दोन गोष्टी तिच्यात यायलाच हव्यात. एखाद्या लेखकाला आपलं लेखन यंत्राला द्यायचंच नसेल, तर त्याच्या नकाराला जागा हवी. आणि वाटपाआधी उघडा हिशेब हवा. कंपनीने काय वाचवलं हे जाहीर केल्याशिवाय कोणाला किती द्यायचं हे कोण ठरवणार? नाहीतर पैसा मोठ्या भाषांच्या, मोठ्या संग्रहांच्या मालकांकडे जाईल, आणि मराठीतली वेचक पुस्तकं वाचून मराठी बोलायला शिकलेल्या यंत्राच्या कमाईतून मराठी लेखकाला काही मिळणार नाही.

आपल्या हातात काय आहे

कायदा बदलायची वाट पाहत बसायचं कारण नाही. आजच्याच कायद्यात लेखकाच्या बाजूची काही दमदार कलमं आहेत. हक्क हस्तांतर लेखी असावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीने कलम १८मध्ये आणखी एक भर पडली : करार करताना जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता, किंवा व्यापारी वापरात नव्हता, तो करारात स्पष्ट नोंदला नसेल तर हस्तांतरात येत नाही. म्हणजे २०१५मध्ये ‘पुस्तकाचे सर्व हक्क’ प्रकाशकाला दिले असले, तरी एआय प्रशिक्षणाचा हक्क त्यात गेला असं प्रकाशकाला सहजासहजी म्हणता येणार नाही. यापुढच्या करारांत मात्र हे कलम दिसू लागेल. ते वाचल्याशिवाय सही करू नये, आणि हक्क द्यायचाच असेल तर त्याचा वेगळा मोबदला लिहून घ्यावा.

एक काम मात्र एकट्या लेखकाच्या आवाक्यातलं नाही. मराठीत कोणत्या पुस्तकाचे हक्क आज कोणाकडे आहेत, कोणती पुस्तकं मुक्त झाली, दिवंगत लेखकांचे वारस कोण, याची विश्वासार्ह, सर्वांना पाहता येणारी सूची हवी. साहित्य संस्था, प्रकाशकांच्या संघटना, विद्यापीठं आणि राज्य सरकार यांनी मिळून ती करावी. रॉयल्टीची योजना आली तर पैसे कोणाला द्यायचे ते या सूचीवरून कळेल. उद्या दावा लावायची वेळ आली तर पुरावा म्हणून तीच पुढे ठेवता येईल. आणि मुक्त झालेल्या लेखनावर कोणाला मराठी मॉडेल घडवायचं असेल, तर त्यालाही निर्धास्तपणे तेच साहित्य वापरता येईल. न्यायालयं तत्त्वं ठरवतील, संसद कलमं लिहील. आपल्या भाषेत कोणी काय लिहिलं याची नोंद मात्र आपल्यालाच ठेवावी लागेल, आणि ती आजच सुरू करायला हवी.